सांतियागोची लेन्स, मेंडोसाचा कर

७ जुलै, सोमवार
निर्णय पक्का. पोरीच्या, आयलेनच्या, पंधराव्या वाढदिवसाचे फोटो मी स्वतः काढणार. ९ ऑगस्ट, क्लबचा हॉल, दीडशे पाहुणे; आमच्याकडे मुलीचा पंधरावा म्हणजे लग्नासारखाच. भाड्याचा फोटोग्राफर प्रत्येकाच्या मुलीला त्याच कारंज्यापाशी उभी करतो. मला फक्त एक ८५ मिलिमीटरची लेन्स हवी. मंद दिव्यांत वॉल्ट्झचा नाच टिपायला तिच्यासारखी दुसरी नाही. तुलिओच्या दुकानात भाव विचारला. अकराशे पन्नास डॉलर. मी हसलो. तुलिओ हसला नाही, बारा हप्त्यांत देतो म्हणाला. मी त्याला सांगितलं की पाटबंधारे खात्यात एकवीस वर्षं काढलीत, कर कुठून कुठे वाहतो ते मला शिकवू नकोस.

१० जुलै, गुरुवार
अभ्यास सुरू. वहीत तक्ता आखला. तीच लेन्स, तोच कारखाना, पण दर सीमेवर भाव बदलतो. हाँगकाँगमध्ये विक्रीकरच नाही. जपान पाहुण्यांना कर माफ करतो. युरोपात वीस टक्क्यांच्या आसपास, पण निघताना विमानतळावर बराचसा परत. ब्राझीलचा आकडा पाहून पाच मिनिटं स्वतःच्या देशाबद्दल प्रेम दाटून आलं. मग आपला पाहिला. आधी आयात शुल्क, त्यावर एकवीस टक्के, त्यावर आणखी दोन-तीन गोष्टी, ज्यांची नावं वाचूनच डोळ्यांपुढे अंधारी येते.
आयलेन विचारत होती, वॉल्ट्झची प्रॅक्टिस करू या का. तक्ता झाला की लगेच, म्हटलं.

१५ जुलै, मंगळवार
उत्तर डोंगरापलीकडेच होतं. चिली! तिथे कर एकोणीस टक्के, पण आयात शुल्क जवळपास नाहीच. जगभर करार करून ठेवलेत लेकाच्यांनी. सांतियागोत सहाशे वीस डॉलर. आमचं अर्धं मेंडोसा शहर टीव्ही आणि टायर आणायला तिकडे जातं. माणशी तीनशे डॉलरचा माल माफ, वरच्या रकमेवर निम्मा कर. मी आणि रोमिना, नवरा-बायको मिळून सहाशे. उरलेल्या विसावर दहा डॉलर. दहा डॉलर देशाला देईन. मन मोठं आहे माझं.

१६ जुलै
रोमिना येत नाही. ड्रेस, केक, दीडशे खुर्च्या वगैरे कारणं. म्हणाली, जुलै-ऑगस्टच्या भर हिवाळ्यात डोंगर ओलांडणारा माणूस एकतर ट्रकवाला असतो, नाहीतर तू. तिचा भाऊ दारिओ आमचाच माते चहा नळीने ओढत बसला होता. त्याने सुचवलं की त्याच्या मोबाइलवर फोटो छान येतात. मी वही उघडली.
नवी योजना: एकट्याने जायचं. लेन्स तिथेच कॅमेऱ्याला लावायची, खोकं फेकून द्यायचं. वापरातली वस्तू, कोण विचारतो.

२४ जुलै
आयलेनने पुन्हा प्रॅक्टिसचं काढलं. मी बर्फात टायरना लावायच्या साखळ्या भाड्याने कुठे मिळतात ते बघत होतो. म्हटलं, बापाचे पाय आपोआप हलतात. ती आरशापुढे एकटीच एक-दोन-तीन करत होती. पोरगी मेहनती आहे. माझ्यावर गेलीय.

१ ऑगस्ट, शुक्रवार. सरहद्द
बाकीचे अडाण्यासारखे नुसते पुढे निघत होते. मी गाडी बाजूला घेऊन रीतसर फॉर्म भरला: सोबत नेत असलेला कॅमेरा एक, लेन्स एक, ५०ची. दोन्हींचे नंबर लिहिले. परतताना ‘हे नवीन घेतलं का’ असं कोणी विचारायला नको. अधिकारी म्हणाला, या वर्षी हा फॉर्म मागणारे तुम्ही पहिलेच. जाणकाराला जाणकार ओळखतो.

२ ऑगस्ट. सांतियागो
घेतली! काय वजन, काय काच. परदेशी पाहुणा म्हणून एकोणीस टक्के परत मागितले. दुकानातल्या बाईने समजावलं की डॉलरमध्ये पैसे भरले तर हॉटेलच्या बिलावर कर माफ होतो, लेन्सवर नाही. मी म्हटलं, माहीत होतं, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.

३ ऑगस्ट. लोस आंदेस
घाट बंद. बर्फ. डोंगराच्या पायथ्याशी हॉटेल घेतलं. डॉलरमध्ये पैसे भरले, कर माफ. सुरुवात चांगली झाली.

५ ऑगस्ट. तिथेच
घाट बंदच. हॉटेलच्या बोळात आमच्याकडची चाळीसेक माणसं आणि सतरा टीव्ही. लेन्सची चाचणी म्हणून एका टीव्हीचे फोटो काढले. फार सुंदर आला टीव्ही.
आयलेनचा फोन. “बाबा, लेन्स नाही आणलीस तरी चालेल. तू ये.”
पोरीला वाटतंय अजून घेतली नाही. हसू आलं.

७ ऑगस्ट, गुरुवार
घाट उघडला. नऊ तास रांग. तपासणीला मी स्वतःच फॉर्म पुढे केला, शिक्क्यासकट. अधिकाऱ्याने शांतपणे वाचला, मग कॅमेरा हातात घेऊन नंबर पाहिला. कागदावर पन्नासची. कॅमेऱ्यावर पंच्याऐंशीची.
“जाताना पन्नासची होती,” तो म्हणाला. “तिकडची हवा मानवली वाटतं हिला.”
मागचे टीव्हीवाले सगळे हसले. सूट एकट्याची, तीनशेची. उरलेल्यावर निम्मा कर, म्हणजे एकशे साठ. चार रात्रींचं हॉटेल, साखळ्या, पेट्रोल धरून बाराशेच्या वर गेलं. पण अनुभव मिळाला, आणि तो तुलिओ हप्त्यावर देत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. दुपार
हॉल बघून आलो. ८५ला लांबून उभं राहावं लागतं, म्हणून स्वयंपाकघराचं दार निवडलं. रोमिनाने विचारलं, वॉल्ट्झचे फोटो कोण काढणार? म्हटलं, मी.
“पहिला वॉल्ट्झ बापाबरोबर असतो,” ती म्हणाली.
हे मला माहीत आहे. आधी दोन फोटो, मग लगेच नाच. सगळं ठरलेलं आहे.

१० ऑगस्ट, रविवार
लेन्स अप्रतिम आहे. हे आधी लिहून ठेवतो.
दिवे मंद झाले. आयलेन हॉलच्या मधोमध एकटी, निळ्या ड्रेसमध्ये, हात पुढे करून. असा प्रकाश पुन्हा मिळत नाही. मी दारातून बोट वर करून एक मिनिट अशी खूण केली. डीजेने ती आपल्यालाच समजून वॉल्ट्झ सुरू केला. दीडशे माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी निघालो, पण मध्ये सहा टेबलं, आजी-आजोबा, खिमा भरलेल्या एम्पनादांचा ट्रे घेतलेला वेटर. मी तिसऱ्या टेबलापाशी असताना दारिओने ग्लास खाली ठेवला आणि पोरीचा हात धरला. पंधराव्या वाढदिवसाला मुलीला तसं उभं ठेवत नाहीत, त्याचं बरोबरच होतं. मग मी काय करणार? फोटो काढले.
आज बघितले. सदतीस. एकही हललेला नाही. दारिओला नाचता येतं, हेही दिसतं. आयलेन मात्र एकाही फोटोत त्याच्याकडे बघत नाहीये. सदतीसच्या सदतीस फोटोंत ती त्याच्या खांद्यावरून सरळ लेन्सकडे बघतेय. पापणी न् पापणी वेगळी दिसते. मला रडू आलं.
ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि सगळे पाहिले, शेवटपर्यंत.
“छान आलेत, बाबा,” म्हणाली. “तू कुठेयस यात?”
मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या मागे.
हो, ते दिसतंय, म्हणाली.