तिच्या वाट्याची वाढ

तिच्या ताटातलं मी कधीच खाल्लं नाही, आये. तेव्हा तुला पटलं नाही, आता तरी पटू दे. त्या वर्षी मी सोळाचा, दारात वाकल्याशिवाय आत येता येत नव्हतं, आणि धाकटी बहीण बाय नऊ वर्षांची, दिवसागणिक वाळत चाललेली. जेवायला वाढताना तू म्हणायचीस, "मेल्या, तुझ्या पोटात दोघांचं जातंय. भावानं बहिणीची वाढ खाल्ली." शेजारणींसमोरसुद्धा म्हणायचीस. मी ताट सरकवून उठायचो, पाखाडीच्या पायऱ्या उतरून खाडीवर जाऊन बसायचो आणि भूक लागली की परत यायचो. "आलास? मला वाटलं, गलबतावर चढलास." हसायचीस, पण भात कमीच वाढायचीस.

खरं तर बाय माझ्यापेक्षा जास्त खायची. पेजेचे दोन वाडगे, वर आंब्याचं साठ, वर गुळाचा खडा, आणि पाण्याचे तांबे किती त्याला गणतीच नाही. तरी पोलकं खांद्यावरून घसरायचं. न्हाणीत मुंग्यांची रांग लागायची, तू राख टाकून ती मोडायचीस. एवढं गोड खातेय तर अंग धरील, असं तू म्हणायचीस, आणि अजून थोडा गूळ द्यायचीस. मी कशाला नाही म्हणू? मलाही तेच वाटायचं.

मग तू देवीला नवस बोललीस, पोर अंगानं भरली की गुळानं तोलीन. पोर भरेना. काका म्हणाला, "वहिनी, आत्ताच तोला, गूळ कमी लागेल," आणि तू उलथनं घेऊन त्याच्या अंगावर गेलीस. पण त्याचा बोल तुझ्या मनात रुतला असणार. चार दिवसांनी म्हणालीस, "आधी फेडते. मग तरी देवी देईल." नवस आधी फेडलेला मी दुसरा पाहिला नाही. देवळात आढ्याला वाण्याचा तराजू टांगलाय, एका पारड्यात बाय मांडी घालून बसलीय, मला बघून हसतेय. दुसरी ढेप पुरती ठेवायच्या आतच तिचं पारडं वर गेलं. तू तोंड फिरवलंस. गूळ गावात वाटलास आणि मोठा वाटा बायसाठी ठेवलास. तीन दिवस स्वतःच्या हातानं तिला भरवलास.

चौथ्या दिवशी ती उठेना. तोंडाला उतरलेल्या फणसासारखा वास. डोलीतून भाट्याच्या खाडीपर्यंत, तिथून तरीच्या होडीनं पलीकडे रत्नागिरीत. डॉक्टरांनी विचारलं, "काय खायला घालत होतात?" तू मोठ्या मानानं सांगितलंस, "गूळ. देवीचा." ते म्हणाले, "बाई, तुमचा दोष नाही. हिला मधुमेह आहे. खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर लघवीवाटे निघून जाते आणि अंग स्वतःचंच मांस जाळतं. अशा पोराचं वजन उतरतं आणि उंचीही थांबते." मग सुई दिली. ते औषध मुंबईहून आणवावं लागे. महिन्याभरात बायच्या गालांवर मांस आलं. घरी परतल्यावर तू मला न विचारता दोनदा भात वाढलास, आणि मान वर केली नाहीस. तेव्हा मी बोलायला हवं होतं. भाद्रपदात तुला ताप आला आणि आठ दिवसांत तू गेलीस.

तुला पुढचं ठाऊक नाही म्हणून सांगतो. मी कराचीच्या गोदीत आहे, इथे मला लंब्या म्हणतात. बाय सतराची झाली, पण बघणाऱ्याला दहाची वाटते. वजन लवकर आलं, उंची मागेच राहिली. बाबा स्वतः सुई उकळून तिला टोचतात. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून औषध आधीच आणून डब्यात घालून विहिरीत गार सोडतात. मी पाठवलेले पैसे कमी पडले की ते औषध पुरवून पुरवून वापरतात, आणि तेवढे दिवस तिची वाढ थांबते. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलंय.

शिमग्याला बाबांनी शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. तू बायला सणाचा परकर शिवला होतास, पोर वाढेल म्हणून खाली चार बोटं दुमडून ठेवली होतीस, ती दुमड यंदा पहिल्यांदा उसवली. दोन बोटं! मी गोणी टाकून तिथेच ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेजारचा म्हणाला, "लॉटरी लागली काय रे?" त्याला काय सांगायचं? हे कळायला तूच हवी होतीस, आये. कधी कधी वाटतं, तू समोर यावंस, पुन्हा तेच बोलावंस, वाढ खाल्लीस म्हणून, मी फक्त ऐकून घेईन.

कारण आता ते थोडं खरं झालंय. शिमग्यानंतर दोन महिने मी घरी काही पाठवलं नाही. परवा बाबांचं पत्र आलं. बायच्या गळ्याची हाडं परत दिसायला लागली, एवढंच लिहिलंय, मला दोष देणारा एक शब्द नाही.

हे पत्र टाकायचं कुठं? तुझ्या गावाला पेटी नाही. मनीऑर्डरच्या कागदावर बाबांसाठी दोन ओळी मावतात, त्यात आजारी होतो असं लिहिलंय. आजारी नव्हतो. मुकादमाशी भांडून काम सोडलं, किनाऱ्यानं भटकलो, होतं ते उडवलं. या वर्षातलं हे तिसरं काम, गेल्या आठवड्यात धरलंय. तुला पंधरा सांगितले असते तरी तू कुठं बघायला येणार होतीस, पण खरं सांगतो, अकराच रुपये पाठवतोय.