खाडीतल्या पऱ्हाट्या

३ फेब्रुवारी
आलो एकदाचे. दर्यापूरहून जीप, अकोल्याहून रेल्वे, मंग बस. अंग मोडून गेलं, पन जागा गोड हाय. खाडीच्या काठाले एक खोली, समोर तिवराची झाडं. तिवर म्हनजे खाऱ्या पान्यातलं झाड. माह्या नवऱ्याले, नितेशले, त्याच्याच राखनदारीचं काम भेटलं, कोनाले तोडू द्याचं नाई. हिरीचं पानी खारट. नितेश म्हने, आपल्या गावचं बी खारंच होतं, भाजीचं मीठ वाचलं. आमची पोरगी श्रावणी आता कुठं पालथी पडाले शिकली. बोलाले इथं कोनी नाई, म्हनून लिहून राहिली.

५ फेब्रुवारी
सिलिंडर अजून भेटलं नाई. पानी हटलं का चिखल उघडा पडते. त्याच्यात झाडाभवती बोटभर खुंट उभे, वावरात कपाशीची पऱ्हाटी कापल्यावर राह्यतात तसे. झाडाले हात लावाचा नाई, पन हे तं खुंट. गावी आमी पऱ्हाट्याच जाळतो. इळ्यानं कापले, उन्हात टाकले.

८ फेब्रुवारी
त्याच्यावरच भाकरी केल्या. धूर लय. श्रावणी झोपीत थांबून थांबून श्वास घेते. दवाखान्यातल्या बाईनं छाती तपासली, काई नाई म्हने. मले झोप नाई.

११ फेब्रुवारी
इथली म्हातारी पार्वताबाई चिखलात कालवं, म्हनजे शिंपल्या, काढाले येते. चुलीपाशी मोळी दिसली तशी ती खालीच बसली. तिनं सांगतलं का हे खुंट नाई, तिवराच्या मुळ्या हायेत. चिखलातून वर येऊन झाडासाठी श्वास घेतात. मी म्हनलं, मले काय मालूम. घरात लहान कोन हाय, तिनं इचारलं. मंग म्हनली, "जाळलेला श्वास खाडी परत घेते, बाय."
नितेश हसला. म्हने, म्हातारीले कालवं खपवाची हायेत.

१३ फेब्रुवारी
श्रावणीच्या झोळीखाली सारवलेली भुई फुटली. खुंट वर आले. नितेशनं एक कापला. पोरगी निळी पडली. त्यानं तो तसाच भुईत खोसला, तवा रडली.

१५ फेब्रुवारी
तिले घेऊन गावी निघालो. खाडीच्या बांधावरच तिचा श्वास थांबला. मागं फिरलो. चिखलाजवळ आली का चालू.
नितेश आता हसत नाई.

१७ फेब्रुवारी, अवस
नितेश डॉक्टर आनाले गेला. फोन लागत नाई —
घरात बी तिचा श्वास थांबते आता. चिखलात, खुंटाच्या मधात ठेवली तरच श्वास घेते. कशी शांत पडली हाय. मी जवळच बसली.
भरती लागली. अवसेले दुपारचं पानी मोठं येते म्हनतात —
उचलली का थांबते. ठेवली का चालते. किती डाव पाह्यलं —
पानी मांडीले. तिचं डोकं डाव्या हातावर घेतलं, पाठ चिखलातच —
नितेश, लवकर —
कानाले लागलं पानी. अजून जराशी वर धरते, फक्त जरा —