बोटीच्या नाकातला पंखा

ती. ताई,

इथूनच पाया पडते. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा रक्तदाब आणि आवाज, दोन्हींपैकी एक तरी खाली आला असेल अशी आशा करते. आम्ही इकडे जिवंत आहोत. (हे उगाच लिहीत नाही. गेल्या रविवारी त्याबद्दल जरा शंकाच होती.)

निवृत्त झाल्यावर ह्यांनी बोट घेतली हे तुला ठाऊक आहेच. पण त्या बोटीच्या नाकात एक पंखा आहे, ते ठाऊक नसेल. त्याला बो थ्रस्टर म्हणतात. बोटीच्या पुढच्या टोकाला, पाण्याखाली, या बाजूने त्या बाजूला आरपार एक नळी असते आणि तिच्यात हा पंखा. चाकाशेजारची छोटी दांडी डावीकडे ढकलली की बोटीचं नाक डावीकडे सरकतं, उजवीकडे ढकलली की उजवीकडे. धक्क्याला लागताना वारा बोटीला भलतीकडे न्यायला लागला, तर दोन-तीन सेकंद वापरायची ही सोय. दोन-तीन सेकंदच, नाहीतर मोटर तापते. हे माहितीपुस्तकात लिहिलंय. ते पुस्तक मी वाचलं, कारण ह्यांच्या मते पुस्तकं ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी असतात. आयुष्यभर ऑफिसात ह्यांनी घंटी दाबली की शिपाई आत यायचा, आणि नाही आला तर हे घंटी दाबूनच ठेवायचे. तीच श्रद्धा आता त्या दांडीवर बसली आहे.

बरं, वापराचं सोड, देखभाल ऐक. पंख्याच्या टोकाला जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खारं पाणी धातू खातं, तर त्याने आधी हे जस्त खावं आणि पंखा वाचावा, म्हणून. त्याला रंग लावू नये, असं ठळक अक्षरात छापलंय. ह्यांनी त्याला रंगाचे दोन हात दिले, वर लांब उभं राहून मान तिरकी करून बघितलंही. जस्त रंगाखाली सुखरूप राहिलं आणि पाण्याने पंखा खायला घेतला. नळीत शिंपल्यांनी बिऱ्हाड थाटलं, ते खरवडायचं काम 'पुढच्या आठवड्यात' करायचं होतं. आणि पंख्याची जी स्वतंत्र बॅटरी, तिला ह्यांनी दुपारी झोपताना डोक्याशी लावायचा टेबलफॅन जोडला. म्हणजे एक पंखा दुसऱ्या पंख्याचं रक्त पिऊन ह्यांना वारा घालत होता.

अशा अवस्थेत रविवारी वन्सं आल्या. (माझ्या नणंदेला तू ओळखतेस. लग्नात तुझ्या साडीला 'सुटसुटीत' म्हणाली होती ती.) भावाची बोट बघायला म्हणून आल्या आणि पूर्ण वेळ स्वतःची टोपी धरून बसल्या. जाताना सगळं ठीक झालं, कारण जाताना काही धक्क्याला लावायचं नसतं. येताना वारा आडवा सुटला. आता हळू यायला हवं, कारण बोट वेगात असली की त्या पंख्याचा काही उपयोग होत नाही, नुसता आवाज होतो. हे आले वेगात, आणि दांडी डावीकडे दाबून धरली. मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखा आवाज सुरू झाला. नाक तसूभर हललं नाही. मी म्हटलं, "अहो, सोडा ती, तापेल." हे म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस, ती ऐकतेय." ती ऐकत नव्हती. ती तापली आणि एक सुस्कारा सोडून गप्प झाली.

इतक्यात वन्संना मदत करायची इच्छा झाली. त्यांनी पुढचा दोर उचलला आणि धक्क्याच्या दिशेने म्हणून थेट पाण्यात टाकला. मोटर जरा निवली होती. ह्यांनी पुन्हा दांडी दाबली आणि पंख्याने तो दोर शेवयांसारखा आत ओढून घेतला. फट्‌ करून फ्यूज उडाला. समोर शेजारच्या बोटीवर एक डॉक्टर बायकोसह चहा पीत बसले होते, आणि आमचं नाक सरळ त्यांच्या किटलीकडे निघालं. हे चाक सोडून हातात बोट ढकलायची लांब आकडी घेऊन पुढे धावले आणि डॉक्टरांना ओरडून म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला घ्या!" त्यांची बोट चारी बाजूंनी बांधलेली होती, ताई.

चाक रिकामं, म्हणून मी धरलं. गिअर मागे टाकला, बोट थांबली. मागे जाताना ही बोट ढुंगण एका बाजूला फिरवते, हे माझ्या लक्षात होतं. तिला तशी फिरू दिली, मग किंचित पुढे, मग न्यूट्रल, पुन्हा किंचित मागे. लागली धक्क्याला. वन्सं टोपी सोडून टाळ्या वाजवत म्हणाल्या, "दादा, काय छान लावलीस रे!" आणि दादा 'अनुभव लागतो' म्हणाला.

बोट बाहेर काढल्यावर नळीत हात घालून तो दोर मी पाव कापायच्या सुरीने कापून काढला, तेव्हा अनुभव वर्तमानपत्र वाचत होता.

तर अशी ही बोट. नाकाने अधू, चालवणाऱ्याने आंधळी. शत्रूलाही सुचवू नये. मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. : रविवारपासून ह्यांनी बोट विकायचं मनावर घेतलंय, आणि भाऊजी फोनवर 'मीच घेतो' म्हणालेत. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. फट्‌ जरा जोरात म्हण. सहीपाशी थांब आणि घडी घाल.

ता. क. २ : थ्रस्टर आता उत्तम चालतो. नवं जस्त मीच बसवलं, नळी खरवडली, फ्यूज बदलला, टेबलफॅन घरी आणला. हे सकाळी फिरायला जातात तेव्हा मी बोट घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येते. एकटी. काल दांडीला हातसुद्धा न लावता, नुसत्या वाऱ्यावर लावली. मला विकू द्यायची नाहीये गं. इतकी वर्षं घरात कुठलीच वस्तू माझं ऐकत नव्हती.

ता. क. ३ : तू ये एकदा, भाऊजींना न घेता. चाक तुझ्या हातात देईन. दोर मात्र मीच टाकणार.