वाडीवर जंगली होताना

२ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून मी रिवाइल्ड होतोय. म्हणजे माणसाने परत जंगली व्हायचं. आग स्वतः पेटवायची, खाणं स्वतः शोधायचं, जमिनीवर झोपायचं. कॅनडाच्या एका माणसाचा ऑनलाइन कोर्स आहे. लेव्हल वन पूर्ण. म्हणजे व्हिडिओ बघून झाले.

जॉब सोडला. अमेरिकेतल्या लोकांना फोनवर राउटर बंद करून चालू करायला सांगणं हे माणसाचं काम नाही.

जागा पण फायनल. आमची वाडी. बदलापूर गावाच्या मागे, टेकाडावर. चार आंबे, एक ओढा, बाकी गवत. पप्पांना ती बिल्डरला विकायचीय. पण सातबाऱ्यावर माझं पण नाव आहे, त्यामुळे माझी सही लागते. सही देणार नाही. काल रात्री जेवताना क्लिअर सांगितलं. वाडी गेली तर मी जंगली कुठे होऊ? टेरेसवर?

पप्पा म्हणाले, आधी सोताच्या चादरीची घडी घालायला शीक, मंग जा जंगलात.

चिमी, माझी बहीण, म्हणाली, दादा, तुला झुरळाची भीती वाटते. म्हटलं, ती पाळीव माणसाला वाटते. मी आता पाळीव नाही.

५ नोव्हेंबर

उल्हासनगर कॅम्प ५. लंगोटीसाठी कातडं घ्यायला. खरं तर शिकार करून काढायचं असतं, पण ते लेव्हल थ्री.

जीन्सच्या मागे चामड्याचे पट्टे लावतात ना, त्यांचं दुकान आहे कमलेशभाईंचं. ते म्हणाले, साईं, असली चमडा चुभेगा, रेक्झिन ले जा, धुलता भी है. मग विचारलं, बनवणार काय. खरं ते सांगितलं. त्यांनी शेजारच्या दुकानातून भावाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, एक बार फिर से बोल.

रेक्झिन घेतलं. ब्राउन. लांबून फरक कळत नाही. जवळ येणार कोण आहे?

९ नोव्हेंबर, दुपार

लाकडावर लाकूड घासून आग. धनुष्यासारखं एक टूल असतं, त्याने काडी गरागरा फिरवायची. सकाळपासून फिरवतोय. हाताला फोड. एकदा धूर आला! ओरडलोच. मग कळलं, खालच्या शेतात कोणीतरी कचरा जाळत होतं.

लायटर जवळ ठेवलाय, फक्त इमर्जन्सीसाठी. आज तीन इमर्जन्सी आल्या.

झोपायला घरी. हळूहळू सवय करायची असते. कोर्समध्ये पण असंच काहीतरी सांगितलंय.

१६ नोव्हेंबर

ग्रेट न्यूज. पप्पा बदलले!

झालं असं की चंदूकाकाने, म्हणजे पप्पांच्या चुलतभावाने, ज्याच्याशी सहा वर्षं बोलणं बंद आहे, वाडीच्या खालच्या अर्ध्या भागात सिमेंटचे पोल रोवले. म्हणतो, हा भाग माझा. बिल्डर म्हणाला, भांडणातली जमीन मला नको, आधी मिटवा. ते असो. इम्पॉर्टंट हे की पप्पा माझ्या रूममध्ये आले, बेडवर बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, ते तुजं जंगलाचं काय हाय रं, नीट सांग.

सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. दुपारपर्यंत वाडीवर बांबू, ताडपत्री आणि दोन माणसं हजर. संध्याकाळी झोपडी उभी. पप्पा म्हणाले, पोऱ्या, आता तू हितंच ऱ्हायचं. दिसरात. हालायचं नाय. डोळ्यांत वेगळीच चमक होती. प्रत्येक पुरुषाच्या आत एक आदिमानव असतो, फक्त त्याला जागं करावं लागतं.

खाट पण पाठवली होती. रिटर्न केली. गादी ठेवली.

चिमी म्हणाली, दादा, जागेवर कोणी कब्जा करू नये म्हणून आपल्याकडे झोपडी टाकतात आणि आत माणूस बसवतात. त्याला वॉचमन म्हणतात. फरक एवढाच की त्याला पगार असतो.

फार निगेटिव्ह झालीय चिमी.

२३ नोव्हेंबर

सेटल झालो. ओढ्याचं पाणी पितो. जिवंत पाणी. पप्पांचा टँकरचा धंदा आहे, त्यामुळे त्यांचा ड्रायव्हर मधू रोज एक कॅन ठेवून जातो. ते पाणी मेलेलं. त्याने पाय धुतो.

आई डबा पाठवते. मधू तो आंब्याच्या फांदीला अडकवतो. मी जाऊन तोडून आणतो. टेक्निकली हे गॅदरिंगच, म्हणजे आदिमानवाचं अन्न गोळा करणं.

सकाळी ओढ्यावर एक मुंगूस येतं. मला बघून थांबतं. मग पाणी पिऊन जातं. ऑफिसमध्ये चार वर्षं होतो, मला बघून कोणी थांबलं नव्हतं.

ही जागा जाऊ देणार नाही. बस.

१ डिसेंबर

चंदूकाका टेप घेऊन आला, सोबत दोन माणसं. मापं घ्यायला. मी तेव्हा अंगाला चिखल लावून बसलो होतो, मच्छरांसाठी. वर फक्त रेक्झिन. तसाच बाहेर आलो आणि उभा राहिलो. काही बोललो नाही. प्राणी बोलत नाहीत.

काका थिजला. म्हणाला, कोन रं तू? म्हटलं, कल्पेश. म्हणाला, आमच्या जगन्याचा कल्पेश? इंग्लिश शाळंतला? म्हटलं, हो काका. त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं. मग टेप गुंडाळली आणि माणसांना म्हणाला, चला रं.

एक शब्द न बोलता पळवून लावलं! याला प्रेझेन्स म्हणतात.

चिमी सांगत होती, काका गावभर बोलतोय की जगन्याने पोऱ्याला येडा करून वाडीवर बसवलाय, आता त्याला हात कोन लावील. पप्पा खूश. मधूबरोबर मटण आलं. भातासकट.

१४ डिसेंबर

घरचे सगळे वाडीवर, पोपटी लावायला. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बंद, मडकं पालथं, भोवती जाळ. दर थंडीत करतात.

मी गेलो नाही. मी इथे ओरिजिनल माणसासारखा जगतोय आणि यांची पिकनिक चाललीय. झोपडीमागे बसून लाकूड घासत राहिलो. आई दोनदा बोलवायला आली, निवतंय रे. म्हटलं, माझी आग पेटू दे, मग येतो.

पेटली नाही. वास भयंकर येत होता.

ते गेल्यावर मडकं पुसून खाल्लं. उरलंसुरलं शोधून खाणं हे पण स्किल आहे. तरस तेच करतं.

२० डिसेंबर, सकाळ

पहिली खरी फोरेजिंग, म्हणजे रानात खाणं शोधणं!! उठून वाडीच्या हद्दीपर्यंत गेलो, जिथे वाट फुटते. तिथे पत्रावळीवर भात, दोन उकडलेली अंडी, अख्खा नारळ, लिंबू. कोणी नाही. नुसतं ठेवलेलं. जमिनीवर विश्वास ठेवला की जमीन देते, हे कोर्समध्ये ऐकलं होतं, पण खरं वाटत नव्हतं.

भातावर हळद-कुंकू होतं. हळद अँटिसेप्टिक असते. सगळं संपवलं. नारळ दगडावर फोडला, एकदम प्रिमिटिव्ह. लिंबू पाण्यात पिळलं. जिवंत पाण्यात.

डबा आला तेव्हा भूक नव्हती. मधूला प्राउडली परत नेऊ दिला.

२१ डिसेंबर

चिमीला फोनवर सांगितलं. तिने पत्रावळीवर काय काय होतं ते परत विचारलं. 

मग म्हणाली, दादा, तो उतारा होता. चंदूकाकाच्या मुलीचा, भाविकाचा, ताप महिनाभर हटत नाहीये, म्हणून काकूने परवा अमावास्येला तिच्यावरून ओवाळून हद्दीवर ठेवला. जो ओलांडेल त्याला तो आजार लागतो म्हणतात. ओलांडेल. उतारा खाल्लेला माणूस अजून कोणी बघितलेला नाही.

म्हटलं, चिमी, तू सायन्सची स्टुडंट आहेस. म्हणाली, हो, पण मी ओलांडला पण नसता.

२९ डिसेंबर

थोडा ताप. बॉडी टॉक्सिन्स बाहेर टाकतेय. शहराची घाण आहे, निघायला वेळ लागणार. ओढ्याचं पाणी वाढवलंय.

भाविका बरी झाली म्हणे. कालपासून भाकरी खातेय. छान.

३ जानेवारी, अंबरनाथ, हॉस्पिटल

मधूने उचलून टँकरमध्ये घातलं. मला आठवत नाही.

टायफॉइड. डॉक्टरनी विचारलं, पाणी कुठलं पीत होतास? म्हटलं, जिवंत. त्यांनी आईकडे बघितलं. आईने खाली बघितलं.

पण डॉक्टरांचं ऐकतंय कोण. संध्याकाळी काकू आली आणि दारातूनच रडत म्हणाली, बाला, माज्या पोरीचं तू आंगावर घेतलंस रं, कशाला घेतलंस. म्हटलं, काकू, ते बॅक्टेरिया असतात. ती आणखी रडली. मग आई पण.

चंदूकाका पायाशी उभा होता, हातात शहाळी. पप्पांना म्हणाला, जगन, माजी पोर उठली नि तुजा पोऱ्या पडला. आता कसली हद्द नि कसलं काय. उद्या पोल काढतो. पप्पांनी काकाच्या हातातली शहाळी घेतली आणि दोघं भाऊ बाहेर जाऊन चहा पिऊन आले. सहा वर्षांनी एकत्र चहा.

मी सलाइन लावून हे बघत होतो. टोळी परत एक झाली. माझ्यामुळे. हे कुठल्याच लेव्हलमध्ये नाही.

९ जानेवारी

घरी. मऊ भात, उकळलेलं पाणी. वजन खूप गेलंय. आदिमानव बारीकच असायचे.

खाली बिल्डर आला होता. पप्पा, काका आणि तो, तिघं हसत होते. भांडण मिटलं, त्यामुळे आता त्याला दोन्ही भाग हवेत. अख्खं टेकाड. हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. म्हणजे आलं होतं, पण ताप होता.

पप्पा वर आले. मला वाटलं सहीचं काढणार. नाही काढलं. सफरचंद कापून दिलं. सालं काढून. लहानपणी पण कधी काढली नव्हती.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

आई म्हणाली, त्या जागेवर परत पाय ठेवलास तर मी जेवणार नाही.

सही देणार नाही. फायनल.

१५ जानेवारी

खूप विचार केला. बेडवर दुसरं काम नाही.

मुद्दा असा की आदिमानवाकडे सातबारा नव्हता. जमीन माझी, हे म्हणणंच मुळात शेतीनंतर आलं. म्हणजे सही अडवून बसलेला मी खरं तर सर्वांत जास्त पाळीव वागत होतो. जमीन सोडून देणं हीच रिवाइल्डिंगची पुढची स्टेज. कोर्समध्ये नाही, पण लॉजिकली तेच येतं.

पप्पांना सांगितलं, सही देतो, पण का देतो ते समजून घ्या. ते म्हणाले, बरं. समजून घ्यायला थांबले नाहीत, काकाला फोन लावत होते.

चिमीला पण समजावलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, दादा, नको असेल तर नको देऊस. मी पण अडून बसते तुझ्याबरोबर. माझं पण नाव आहे.

मी म्हटलं, तुला कन्सेप्ट कळला नाही.

२२ जानेवारी, उल्हासनगर

रजिस्ट्रेशन. दोन्ही घरं, नवीन कपडे, जसं काही लग्न. भाविका मला बघून पदराआड रडली, मग तिने सगळ्यांबरोबर वडापाव खाल्ला.

फोटो झाला. सह्या झाल्या. मग अंगठा. मशीन माझा अंगठा घेईना. लाकूड घासून घासून कातडीवर रेषाच उरल्या नाहीत. परत पुसला, परत लावला, नाही. क्लार्क म्हणाला, काय काम करता तुम्ही? मला एकदम वाटलं, नाही होत, बस, नाही होत, घरी जाऊ या.

क्लार्क म्हणाला, दुसरा हात द्या.

तो लगेच लागला.

पुढे व्यवसाय विचारला. मी तोंड उघडलं, पण पप्पा आधी बोलले. शेती लिवा.

८ फेब्रुवारी

चिमीच्या स्कूटीवरून वाडीवर गेलो. जास्त चालायला अजून परवानगी नाही. आई देवळात गेली होती तेवढ्यात.

जेसीबीने टेकाड उतरवलंय. ओढ्यात माती टाकून वरून ट्रकसाठी रस्ता केलाय. आंबे कुठे होते तेही कळत नाही. सगळीकडे एकाच रंगाची माती, एका लेव्हलची.

मी कुठे झोपायचो ते चिमीला दाखवणार होतो. इथे म्हटलं. मग म्हटलं, नाही, अजून थोडं पुढे. मग खालच्या बाजूला गेलो. ती पण शोधत होती, चप्पल हातात घेऊन.

सापडलं नाही.

मी वाट बघत होतो की ही आता काहीतरी बोलेल. तिने माझ्या डोक्यावर स्वतःचा स्कार्फ टाकला, म्हणाली, चल, ऊन लागेल.

गेलो.