काळ्या खडकातली धाकटी भिंत

मास्तर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज भर दुपारी मला तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. घाबरलोय मी. माझा धाकटा भाऊ आमच्या शेतात विहीर खणतोय. आत्ता जेवून ओसरीवर आडवा झालाय. उन्हं कलली की विहिरीचं काम पुन्हा सुरू होणार; खडकाला सुरुंगाची भोकं पाडायची राहिलीत.

रेल्वेसाठी फोडलेला डोंगर दाखवायला तुम्ही आम्हाला पळसदरीच्या बाजूला नेलंत, तो दिवस आठवतो. मी म्हणालो, सगळा काळाच तर दगड आहे. तुम्ही माझा कान धरलात. "काळा म्हणून सारखा? मग म्हैस आणि कावळा एका आईची लेकरं म्हण." मग पिशवीतून दक्षिणेतून आणलेला ठिपक्याठिपक्यांचा ग्रॅनाइट काढलात. हा जमिनीच्या पोटात सावकाश थिजला, खडीसाखर जमते तसा, म्हणून ह्याचे कण दिसतात. आपला खडक लाव्हा होऊन उघड्यावर वाहिला आणि पटकन थिजला. त्या करड्या तुकड्यातून एक गुलाबी शीर आरपार गेलेली. तीही ग्रॅनाइटचीच. "ह्यातलं थोरलं कोण?" तुम्ही विचारलंत. "अरे, जो दुसऱ्याला चिरून जातो तो मागून आलेला." मग डोंगरात उभी चढलेली काळी भिंत दाखवलीत. तीही जुन्या खडकात मागाहून घुसलेली, आणि लाकडं रचून ठेवावीत तशी आडव्या चिरांची. तुम्ही दोन खडकांच्या शिवेवर, त्यांच्या जोडावर, काठी टेकवली मात्र, दोन धोंडे सुटून माझ्या पायाशी पडले. मी पळालो आणि सगळे हसले.

तसलीच भिंत आमच्या विहिरीत निघालीय. आमच्याकडे माती लागली तिथं दगडाचं बांधकाम करतात. काळा खडक लागला की देवानंच बांधून दिलं म्हणायचं आणि ती बाजू सोडून द्यायची. भावानंही सोडली. आज सकाळी मी काठावरून वाकून पाहिलं, तर दोन खडकांच्या शिवेतून गढूळ पाणी झिरपतंय. काल ते नव्हतं. गढूळ, म्हणजे शिवेमागचं काहीतरी धुऊन निघतंय.

"वर ये रं," मी हाक मारली. तो हसत वर आला. "दादा, तुज्या मास्तरांनी कदी इहीर खणली व्हती का? खडक हाय त्यो, पळून जातोय व्हय?"

मी हात जोडले. त्याची बायको पोटुशी आहे. न्याहारी घेऊन आलेली, ती ऐकत होती. ती म्हणाली, "भावजी सांगत्यात तर बगा की. बगण्यानं काय जातंय?" शेवटी तो कबूल झाला. शिवेत पहार घालून बघायचं, मागं पोकळ निघालं तर सुरुंग बंद, आधी बांधकाम. "पन पहार घालनार कोन? मीच ना?"

"मी घालीन," मी म्हणालो. जन्मात कधी विहिरीत उतरलेलो नाही. तुमच्यासारखाच शाळेत खडू धरून बसलो.

भाऊ उठला. दोर ओढून बघतोय, मधेच माझ्याकडे कौतुकानं पाहतोय. दादा शूर आहे असं वाटतंय त्याला. हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून तुम्हालाच सांगतो. भिंत सुटायची असेल तर पहार लागताच सुटेल, आणि तेव्हा खाली कुणीतरी असणारच. तो मी असलो, तर काठावर उभं राहून तो आवाज मला ऐकावा लागणार नाही. एवढ्याचसाठी उतरतोय.