विंचला आता दोरच

भाऊजी,

उठल्यावर आपली टोइंगची गाडी दिसली नाही तर घाबरू नका, मीच नेलीय. ओढ्यापाशी दुधाचा टेम्पो रुतलाय, फोन आला होता. तुम्ही तापाने फणफणला होतात, म्हणून उठवलं नाही.

रुतलेल्या गाड्या ओढायच्या विंचची स्टीलची तार काढून मी सिंथेटिक दोर गुंडाळलाय. दगडाला घासून दोर लवकर जातो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून खाली घालायला जाड गोणपाट घेतलंय. पण दोर तुटला तर बहुतेक जागीच पडतो. तुटलेली तार कशी उलटी फिरते, ते तुमचे दादा गेले त्या दिवशी आपण दोघांनी पाहिलंय. पंखा कुरकुरला तरी मला अजून तारेची तीच शीळ ऐकू येते. तुम्हीही झोपेत "दादा, बाजूला हो" म्हणून ओरडता. भिंतीपलीकडे ऐकू येतं. आपण कधी बोललो नाही, इतकंच.

काहीतरी पोटात ढकला आणि मगच गोळी घ्या.

रस्त्याने कुठलीही गाडी गेली की आई अजून दादांसाठी दार उघडायला धावतात. आज त्यांना अडवू नका. निदान आज गाडीतून कोणीतरी उतरेल.

वहिनी