एकाग्रता उत्तम

५ जुलै
नवी वही घातली. वर्गात सत्तेचाळीस मुलं. रोज पाच जणांचं बारकाईनं निरीक्षण, म्हणजे दहा दिवसांत अख्खा वर्ग. हेडबाई म्हणाल्या, नुसते गुण नकोत, नोंदीत मूल दिसलं पाहिजे. दिसेल की! माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

८ जुलै
निरीक्षण शून्य. दिवसभर ऑनलाइन माहिती भरली. सर्व्हर डाउन. मान धरली. रविवारी एकदम उरकतो.

१४ जुलै, रविवार
बायकोनं विचारलं, घरी बसून मुलांचं निरीक्षण कसं होतं? तिला मूल्यमापनातलं काय कळतंय! सतरा नोंदी लिहिल्या. 'सहभाग उत्साहपूर्ण' नऊदा, 'नीटनेटकेपणा आहे' आठदा. पुढे चेहरेच आठवेनात. झोपलो.

२ ऑगस्ट
शेवटच्या बाकावर चिमणी बसते. आवाज बारीक, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. शेजारणीच्या वहीत बघून उतरवत होती. पूर्वी ओरडलो असतो. आता नोंदी सकारात्मक हव्यात. लिहिलं : 'सहकार्याची वृत्ती.' फळ्याकडे डोळे बारीक करून बघते. 'एकाग्रता उत्तम.' एका दमात दोन नोंदी! हात बसतोय.

२० ऑगस्ट
खेळाचा तास. चेंडू सरळ चिमणीच्या नाकावर. हातसुद्धा वर केला नाही तिनं. रडलीही नाही. 'खिलाडूवृत्ती.'
बाकी एकोणतीस मुलं राहिलीत. पाय दुखतात.

११ सप्टेंबर
फळ्यावर गणितं दिली. शेजारीण गैरहजर, चिमणीची सगळी चुकली. गंमत म्हणजे बेरजा बरोबर, आकडेच भलते. मी ३८ लिहिले, तिनं ३३ घेतले. 'कल्पनाशक्ती आहे.'

२७ सप्टेंबर
चिमणीची आई आली. दवाखान्यात आया आहे. म्हणाली, डोळे तपासून घेतले, मोठा नंबर निघाला. मग म्हणाली, "सर, रोज पाच तास तुमच्यासमोर असते. काहीच जाणवलं नाही का हो?" रागावली नव्हती. विचारायचं म्हणून विचारलं.
माझ्याकडे पुरावा होता. वही पुढे केली. तिनं एकेक नोंद बोट ठेवून वाचली. फळा, चेंडू, आकडे. वही मिटून परत दिली.
म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळं बघितलं होतंत."
चहाही घेतला नाही.

३० सप्टेंबर
चिमणी चष्मा लावून आली. तिला पहिल्या बाकावर बसवलं. आधी फळा वाचला, मग भिंतीवरचे तक्ते, मग मला. बराच वेळ.
विचारलं, "सर, तुम्ही रोज एवढे दमलेले असता?"
म्हणालो, नाही गं, आजच जरा.
तिनं मान डोलावली. पटलेलं दिसलं नाही.